अजून नाही

लिनेओ नळीचं रबरी बूच काढते,
डर्बनमध्ये, पहाटे चारला.
बावीस दिवसांत आतली हवा संपून
द्रावणाचा रंग पार उडालेला.
आता वरून खाली
निळा झिरपत येतो.

जंतू लगेच दुणावत नाहीत.
लांबून घरी आलेल्यासारखे
आधी गंजल्या कुलपाला तेल घालतात,
साठवलेली चरबी थोडी थोडी मोडतात.

वडील सोन्याच्या खाणीतून सुटले
तेव्हा एक्स-रेवर खडूचा एक ठिपका.
जुनंय, डॉक्टर म्हणाले.
मग एकतीस वर्षं मोखोतलोंगचे डोंगर,
मेंढ्या, घोंगडी,
आणि ठिपक्यात कुणीतरी
दम धरून.

परवा फोनवर म्हणाले,
थंडीचा खोकला गं.

वहीत ती लिहिते: सोळा तास. वाढ नाही.
खोडते.
अजून नाही.