खरी खोटी पेटी

त्या आठवड्यात जॉर्ज स्क्वेअर अमेरिकेत होता.
मला कोणी सांगितलं नव्हतं.
टॅक्स्या पिवळ्या झाल्या होत्या, उलट्या बाजूनं चालत होत्या,
गटारातून वाफ येत होती, आणि वाफेच्या मुळाशी
एक पोरगा पत्र्याचा पाइप धरून उकिडवा,
दुसऱ्या हातात सँडविच.
म्हटलं, असेल काहीतरी दुरुस्ती.

पेटी निळी होती.
इथं लाल असते, एवढं मला माहीत होतं.
पण यांचा झेंडा निळा; म्हटलं स्कॉटलंडनं
मांडली वाटतं शेवटी वेगळी चूल.
पाकीट टाकलं. पडल्याचा आवाज आला नाही.
हे घरी येऊन बूट काढताना लक्षात आलं.

पत्र बनूताईला, फलटणला.
त्रेसष्ट वर्षं पोटात ठेवलेलं:
रेडिओ मी उघडला होता.
गाणारी माणसं केवढाली असतात, रात्री कुठं निजतात,
ते बघायला.
मागचं झाकण काढलं तर तारा, धूळ
आणि एक वाळलेली पाल.
परत जोडता आला नाही. मार तू खाल्लास.

"बाबा, प्लायवूडची पेटी ती. सिनेमाची,"
केतकी म्हणाली. "परग्रहावरून कोण कोण येतात
आणि शहर जाळतात."
"कुठलं?"
"अमेरिकेतलं."
"मग ग्लासगोचं काय होतं?"
ती हसली. मी विनोद केला नव्हता.

सकाळी गेलो तर अमेरिका गुंडाळून नेलेली.
पेटीच्या जागी स्क्रूची चार भोकं,
भोवती फिरणारं एक कबुतर.

तिसऱ्या आठवड्यात बनूताईचं उत्तर आलं.
लिहिते, पाकिटावर तिकिटं दोन तऱ्हेची होती,
एक नीट, एक तिरकं, घाईत चिकटवलेलं.
म्हणजे कोणीतरी काढलं, वजन केलं, पदरचे पैसे घातले.
तो पाइपवाला? कोण जाणे.
खाली लिहिलंय:
मला ठाऊक होतं रे. तुझ्या आधी मी उघडला होता.
पाल तेव्हा जिवंत होती.

सिनेमा पुढच्या वर्षी लागला.
आकाशातून जांभळं काहीतरी उतरतं,
पेटी दोन सेकंद दिसते,
उडते. कागद उडतात, हवेतच पेटतात,
आणि मी उभा राहिलो.
पत्र पोचलेलं होतं. उत्तर कोटाच्या आतल्या खिशात होतं.
तरी उभा राहिलो.
मागून कोणीतरी म्हणालं, बसा. फार सभ्यपणे.

वरच्या मजल्यावरचा फर्गस असलीच कामं करतो.
त्यानं चित्र थांबवून दाखवलं:
ही आग नाही. हे कागद नाहीत.
ही पेटीसुद्धा ती पेटी नाही, तिची मापं घेऊन काढलेली.
खरी खोटी पेटी पडली असेल एखाद्या गोदामात.
"खरी खोटी" त्याला म्हणता येईना,
त्याच्या भाषेत दोन वाक्यं लागली.
मी मोठं करायला सांगितलं. आणखी मोठं.
जळत्या कागदावर अक्षर शोधत होतो, माझं,
शिरोरेघ जरा वर चढणारं.
शेवटी नुसते चौकोन उरले. करडे, केशरी.
फर्गसनं चहा विचारला.

आता पत्र टाकण्याआधी
डेनिस्टनच्या कोपऱ्यावरची लाल पेटी
बाजारात माठ वाजवून घ्यावा तशी वाजवून बघतो.
रेवाला लाज वाटते, ती पुढं चालते.
लोखंड आहे. पण आवाज पोकळच येतो.
तिथंच दिव्याचा खांब वाजवला: पोकळ.
दार वाजवलं, भिंत, मग कोणी बघत नाही असं पाहून
हळूच कपाळ.

पेटी पोकळ नसेल तर पत्र मावायचं कुठं,
असं मी बनूताईला लिहिलंय.
आणि या वेळी कान लावून उभा राहिलो,
पडल्याचा आवाज येईपर्यंत.
बहुतेक आला.