गळलेला ग

पहिल्या गाडीला आकडा नव्हता.
एकच होती, तिला काय मोजायचं?
अमेरिकन फौज घरी गेली तेव्हा
कागायानच्या काठी गंजत टाकलेला ट्रक,
पोलिकार्पो पागदिलावनं तीन रेडे विकून घेतला.
वर नाराच्या लाकडाची बाकं ठोकली,
भिंती ठोकल्याच नाहीत.
मग मला बोलावलं. मी सोळा वर्षांचा,
चर्चमधल्या संतांच्या झग्यांना निळा देणारा पोरगा.
म्हणाला, "आमचं नाव काढ."

काढलं.
हातभर उंच, पिवळ्यात लाल किनार,
आणि दोन घरं मागे सरकून बघतो तर
मधला ग गळालेला.
पादिलाव.

त्याची बायको बाल्दोमेरा बराच वेळ पाहत राहिली.
नावाकडे नाही, डब्याच्या तळाकडे.
"राहू दे," म्हणाली. "रंगाला अडीच पेसो पडलेत.
आपले उतारू वाचून थोडेच चढतात,
हॉर्न ओळखतात."

तीच तिकिटं फाडायची.
सुटे पैसे दुधाच्या डब्यात, डबा दोन गुडघ्यांत.
झुंजीच्या कोंबड्याला अर्धं तिकीट,
मांडीवर घेतला तर माफ.
तंबाखूचे गठ्ठे टपावर, माणूस पडेल पण गठ्ठा पडता कामा नये.
प्रेताला खरं तर तीन तिकिटं, आडवं जातं म्हणून.
ती एकच घ्यायची,
आणि परतीच्या वाटेवर तेही परत करायची.

दुसरी गाडी आली
त्या दिवशी पहिली, पहिली झाली.
एका दुपारी दोन्ही आकडे काढले मी.
तिसरी तंबाखूला भाव आला त्या साली,
चौथी आणि पाचवी घर गहाण टाकून,
सहावी धाकट्या सुनेच्या बांगड्यांची.
सातवी
बालेते घाटात, वादळाच्या रात्री.

अकरा माणसं.
बाल्दोमेरा अकरा घरी गेली, चालत.
कोणी पाणी दिलं, कोणी दार लावलं.
आल्यावर मला म्हणाली, "सहानंतर आठ."
एवढंच.
अजूनही नवा कारकून
वर्षाअखेरीला एक गाडी जास्त सांगतो,
आणि कोणीतरी त्याला बाहेर नेऊन समजावतं.

मग क्लेतो मनिलाहून शिकून आला.
पत्र्याची मोठी शेड, गणवेश, थंड हवा, टीव्ही.
खारवलेल्या मासळीच्या बरण्यांना बंदी.
बायका त्या घागऱ्याखाली नेऊ लागल्या.
बंद काचांत वास कुठे जाणार?
सगळ्यांना कळायचं, ड्रायव्हरलाही,
पण त्याचीही आई त्याच गावची.

चाळिसाव्या गाडीला माझा हात थरथरला.
सत्तराव्याला शिडी धरायला नातू लागला.
एकशे बाराव्याला डोळ्यांतलं पाणी
उन्हाचं आहे असं मी सगळ्यांना सांगितलं.

आता क्लेतोची जोवेलिन बघते सगळं.
तिनं यंत्र आणलं, रंगच लागत नाही,
छापायचं आणि चिकटवायचं.
मला खुर्ची दिली, कॉफी दिली.
पडद्यावर आमचं नाव मोठं केलेलं, एकेक अक्षर.
मला वाटलं, साठ वर्षांनी आता ग परत येणार.
खरं सांगू, मला तो नको होता.

"अपो," म्हणाली, "ही शेवटच्या अक्षराची शेपटी,
तुम्ही डावीकडे ओढायचा की ब्रश घसरायचा?"
घसरायचा, म्हणालो.
तिनं तेवढीच घसरवली.
"आणि ग?" मी विचारलं.
"कोणता ग?" ती हसली.
"बँकेत, कोर्टात, आजीच्या थडग्यावर,
आम्ही असेच आहोत."

काल एकशे तेराने गावी गेलो.
कंडक्टरनं तिकीट मागितलं नाही,
मी बळेच दिलं, बाल्दोमेरा रागावली असती.
उतरल्यावर गाडी हलायच्या आधी
सवयीनं नावाला बोट लावून पाहिलं,
ओलं आहे का.

बोट कोरडंच आलं.
धूळ तेवढी लागली, बालेतेची.