तारली

पेनिशच्या बंदरामागे, मासे डबाबंद करायच्या कारखान्यात
झुल्मिरा एकतीस वर्षं तारल्या भरत आली.
मुंडकं छाटलेलं, शेपटी उडवलेली, एका डब्यात पाच,
पोट वर, पाठ खाली.
आता भरायला यंत्र आहे, न्यायला पट्टा आहे,
आणि दोघांना सांगायला
भिंतीवरच्या राखाडी कपाटात एक खोकं.
मॅनेजर म्हणाला, हे शीक, नाहीतर घरी बस.
म्हणजे शीक.

ईवो, चोविशीतला, कपाटाचं दार उघडतो. हा पीएलसी.
याला डोळे नाहीत. डोळे बाहेर, पट्ट्याच्या कडेला: सेन्सर.
डबा दिसला की तारेतून चोवीस व्होल्ट आत. ते इनपुट.
आउटपुट म्हणजे हा बाहेर जे बोलतो ते:
मोटर, फिर. झडपे, उघड. दिव्या, पेट.
"म्हणजे कान आणि तोंड," झुल्मिरा म्हणते, "आणि मधे मन."
"मन नाही," ईवो म्हणतो. "शिडी."

पडद्यावर खरंच शिडी.
दोन उभे वासे, मधे आडव्या पायऱ्या,
पायरीवर डावीकडे अटी, उजव्या टोकाला हुकूम.
अटीला कॉन्टॅक्ट म्हणायचं, हुकमाला कॉइल.
ओळीतली एक जरी अट अडून बसली
की पायरी गप्प.
तिला आपलं लग्न आठवलं. हसू आलं. सांगितलं नाही.

खोकं शिडी वरून खाली वाचतं,
तळाला पोचलं की पुन्हा वर,
एका सेकंदात शंभर वेळा. हा स्कॅन.
आधी सगळे इनपुट बघून ठेवायचे, मग शिडी सोडवायची,
मग एकदमच आउटपुट.
"आणि मधेच काही बदललं तर?"
"पुढच्या फेरीत कळेल."
तिनं वहीत लिहिलं: मधे बोललेलं ऐकत नाही, पुढच्या फेरीत ऐकतं.
अबीलियूपेक्षा बरं.

टायमर सोपा गेला. डब्यात तेल पडलं
की ते माशांत उतरेपर्यंत दोन सेकंद दम धरायचा, मग झाकण.
हे तिच्या मनगटाला आधीच ठाऊक होतं.
काउंटर चोविसापर्यंत मोजतो, पेटी भरली म्हणतो,
रिसेट, पुन्हा शून्य.
एकतीस वर्षांचे डबे तिनं मोजले नव्हते.
शून्यावर यायचं बटण तिला कुणी दाखवलं नव्हतं.

मग लॅच.
हिरवं बटण दाबून बोट काढलं तरी मोटर फिरत राहते,
कारण कॉइल आपल्याच कॉन्टॅक्टनं
स्वतःला धरून ठेवते.
"हे मला शिकवू नकोस," झुल्मिरा म्हणाली.

अडलं ते एकाच जागी.
नॉर्मली ओपन कळलं: दाबलं की जोडलं.
पण लाल बटण नॉर्मली क्लोज्ड.
थांबवायच्या बटणातून सारखी वीज का वाहायची?
दाबल्यावर ती तुटायची का?
"उलटं आहे," ती म्हणायची.
ईवो पुन्हा चित्र काढायचा. पुन्हा उलटं.

नोव्हेंबरात, खारा वारा सुटलेला असताना
पट्टा मधेच थांबला. लाल बटणाला कुणाचा हात नव्हता.
ईवो लॅपटॉप उघडून शिडीत शिरला,
तासभर पायऱ्या चढला, उतरला.
झुल्मिरानं कपाट उघडलं.
इनपुटच्या हिरव्या बारीक दिव्यांवरून बोट फिरवलं,
डब्यात एक तारली कमी असली की फिरवायची तसंच.
सहावा विझलेला.
त्याची तार धरून ती जाळीखाली वाकली.
मिठानं खाल्लेली, दोन तुकडे.

ती तशीच ओल्या फरशीवर बसून राहिली.
कुणी दाबलं नाही, तरी थांब म्हणाली.
तुटता तुटता तारून गेली.
उलटी जोडली असती तर गुपचूप तुटली असती,
आणि मग ज्या दिवशी कुणी बटण दाबलं असतं
त्या दिवशी...

चौऱ्याण्णव साली, जुन्या यंत्रावर,
अल्बर्टीनानं बटण दाबलं होतं. तीनदा.
डाव्या हातानं. उजवा आत होता.

"सापडलं?" ईवोनं वरून विचारलं.
सापडलं.
वही काढून तिनं लिहिलं: नॉर्मली क्लोज्ड.
पुढे अर्थाच्या जागी
अल्बर्टीनाचं नाव.