रिकामं घर

शस्त्र परवाना शाखा, खोली क्रमांक अकरा.
सव्वीस वर्षं शिक्के मारले मी
लोकांच्या बंदुकांवर.
हातात घेतली नव्हती एकही,
भालूदादा जाऊन
वारसाच्या रकान्यात माझं नाव निघेपर्यंत.

दादा सराफ्यात मुनीम होता.
त्याच्या गादीखाली हे:
नळी जेमतेम अडीच इंच,
तोंड मात्र करंगळी शिरेल एवढं.
दर निवडणुकीला ठाण्यात जमा,
निकाल लागला की परत.
बावीस वर्षांत एकदाही झाडलं नाही त्याने,
तेलाचा वास तेवढा ताजा.

सिरोलच्या पलीकडे दगडाची बंद पडलेली खाण.
तिथून ग्वाल्हेरचा किल्ला दिसतो
कुणीतरी विसरून गेलेल्या पेटीसारखा.
मोहितेमास्तरांनी कागद टांगला,
पंधरा पावलं मोजली, म्हणाले,
"पुष्कळ झाली. नळी आखूड आहे, बाई.
माशी आणि खाच यांच्यात अंतरच नाही,
इथे केसभर चुकलात
की तिथे वीतभर."

मग मूठ.
वर घ्या. अजून वर.
अंगठ्याचं बेचकं पार पाठीला भिडलं पाहिजे.
डावा हात उजव्याला गुंडाळा,
पण डावा अंगठा चक्रापुढे नको,
फटीतून आग निघते, बोट सोलून नेईल.
आवळा, गळा नका दाबू.
"धक्का येणारच.
त्याला अडवायचं नसतं,
वर जायला वाट द्यायची
आणि परत यायला जागा."

मला वाटलं, हे माहीत आहे मला.

पहिली गोळी आभाळात गेली.
दुसरी कागदाच्या चार हात अलीकडे,
धूळ उडाली, टिटवी ओरडत सुटली.
खाणीच्या तिन्ही भिंतींनी तो आवाज
एकमेकींकडे फेकला
आणि शेवटी माझ्या दातांत आणून ठेवला.

मास्तरांनी शस्त्र घेतलं,
पाठ फिरवून भरलं, परत दिलं.
सहा घरं. कशात काय, सांगितलं नाही.

मी माशी धरली. श्वास अर्धा सोडला.
चाप ओढत गेले, लांबच लांब ओढ,
दादाच्या दुकानाचं शटर ओढावं तशी.

टक्.

काहीच नाही.
आवाज नाही, धक्का नाही.
आणि नळीचं तोंड मात्र खाली झुकलेलं,
कलेक्टर आत आल्यावर
आमची अख्खी खोली झुकते तसं.

मास्तर काही बोलले नाहीत. मीही नाही.
माझं मनगट अजून वाकलेलंच होतं
न झालेल्या स्फोटासाठी.

आठवलं, रात्री फोन वाजायचा
तेव्हा पहिल्या घंटेआधीच
उशीवरून उचललेली असायची मान.
ज्या दिवशी खरंच वाईट बातमी आली
त्या दिवशी मी झोपले होते, गाढ.

"पुन्हा," मास्तर म्हणाले.
पुन्हा टक्. पुन्हा झुकले, थोडी कमी.
तिसऱ्यांदा भरलेलं घर आलं
आणि मला कळायच्या आत
हात डोक्याच्या वर,
मग आपणहून खाली, जिथे होते तिथेच.

कागदाच्या डाव्या कोपऱ्यात एक भोक.
वर्तुळाच्या बाहेर.
मास्तरांनी त्यातून किल्ला पाहिला, हसले.
"वर लागणारच. जड गोळी,
नळी सोडेपर्यंत हात उचलला गेलेला असतो.
पुढच्या वेळी खाली धरा."

येताना टेम्पोत कान वाजत होते,
कंपूपर्यंत कुणाचं काही ऐकू आलं नाही.

सोमवारी खिडकीत एक तरुण.
कारण: आत्मरक्षण. कागद सगळे पुरे.
फॉर्मात नसलेला प्रश्न मी विचारला:
"कधी चालवलंय?"
तो असा हसला,
जणू मी जात विचारली.

शिक्का उचलला.
बेचक्यातला फोड फुटला होता,
शाई लागून चुरचुरला.
खाली आणताना पाहिलं,
टेबलाला टेकण्याआधीच
माझे डोळे मिटले होते.