लाल क्रेट

रबाळ्याच्या एमआयडीसीत, गाळा नंबर बावन्न,
एकोणीस वर्षं मी वॉशर तपासते.
बसणारे हिरव्या क्रेटमध्ये,
न बसणारे लाल.
भोक जरा एका अंगाला सरकलं,
कड चावली गेली, जाडी केसभर कमी:
लाल.
हात आपोआप जातो. डोळ्यांना विचारावंही लागत नाही.

लाल क्रेट दर शनिवारी भंगारात.
एका शनिवारी मी अन्वरभाईला म्हटलं, पाव किलो मला द्या.
पितळी?
पितळी.
करणार काय?
गळ्यात घालणार.
तो हसला, आणि काटा माझ्या बाजूला
थोडा झुकू दिला. एकशे दहा रुपये.

घरी चिंचेच्या पाण्यात उकळले,
चहाच्याच पातेल्यात, दुसरं होतंच कुठे.
वर कूलंटचा तेलकट फेस आला,
खाली एकेक पिवळं उघडत गेलं.
दुसऱ्या दिवशीचा चहा
कुणाला देण्यासारखा नव्हता. मीच प्यायले.

दोरी कुंदा तांडेलने दिली, दिव्याच्या कोळीवाड्यातून,
जाळं विणायची, हिरवट निळी,
सासऱ्यांच्या रिळात उरलेली.
म्हातारे आता खाडीत उतरत नाहीत.
गाठही तिनेच शिकवली, जेवणाच्या सुट्टीत,
माझं बोट आपल्या बोटाने वाकवत.
ओढशील तेवढी घट्ट होईल, म्हणाली,
मासा सुटला तर गाठीला बोल लावायचा नाही.

पहिल्यांदा मी सगळे मापाने लावले.
लहान, मोठा, त्याहून मोठा,
मधोमध सगळ्यात मोठा, मग परत उतरत.
सवयच ती.
आरशात पाहिलं तर
पोळ्याच्या बैलाला शोभलं असतं.
सोडवला. नखं दुखेपर्यंत सोडवला.
मग डोळे मिटून पातेल्यात हात घातला
आणि आला तो ओवला.
भोक मध्यावर नसलेला वॉशर सरळ लोंबतच नाही,
एक खांदा पाडून उभा राहतो,
स्टॉपवर बराच वेळ थांबलेल्या माणसासारखा.
असे एकसष्ट,
गळ्याच्या खळगीपासून पार छातीच्या हाडापर्यंत.

रविवारी भाचीचा साखरपुडा, कोपरखैरण्याच्या हॉलमध्ये.
तीच ती राखाडी साडी, आणि तिच्यावर हा.
माझा गळा म्हणजे घरातला जुना विषय.
लग्न नाही म्हणून काळे मणी नाहीत,
आईचं सोनं धाकटीच्या लग्नात गेलं
(ते बरोबरच होतं, मीच दिलं काढून),
आणि मोकळा गळा दिसला की
कुणीतरी येऊन पदर सारखा करून देतंच.
रविवारी पदराला कुणी हात लावला नाही.

मुलाची मावशी जवळ आली. मनगटभर गोठ-पाटल्या.
कुठून घेतलात?
रबाळ्याहून.
रबाळ्याला असलं दुकान आहे?
दुकान नाही हो. आमचा रिजेक्ट माल.
तिचा उचललेला हात तिथेच थांबला.
मग तिने एक वॉशर दोन बोटांत धरला,
चावलेली कड नखाने चाचपली,
आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली,
मला एक करून द्याल?
किती पडला ते मात्र कुणाला सांगू नका.

रात्री काढला, तर मानेवर हिरवी रेघ,
पितळेला घाम लागला की उमटते तशी.
साबण हातात घेतला. परत ठेवला.

सोमवारी पहिल्या पाळीला तशीच गेले.
पहिलाच वॉशर आला, भोक थोडं डावीकडे.
टाकला लाल क्रेटमध्येच,
पगार त्याचाच घेते मी.
पण कोपऱ्यात टाकला,
शनिवारी सापडेल असा.