बावीस पावलं

चिठ्ठी औषधाच्या कागदावर.
पुढे गुडघ्याच्या गोळ्या, दोन वेळा, जेवणानंतर.
मागे खैरनार काकांचं अक्षर, मुंगळ्यांच्या रांगेसारखं.
नाव निवृत्ती. छत्तीस वर्षं प्रेसमध्ये,
पोस्टाच्या तिकिटांना भोकं पाडणाऱ्या मशीनवर.
निवृत्त झाले तेव्हा सगळ्यांनी तोच एक विनोद केला.

"पेटी आहे का नाही, तेवढं बघून ये.
सापडली तर शिक्का मार."
आणि मी चप्पल घालत असताना, पलंगावरून:
"पावलं माझी आहेत हां. तुझी नव्हेत."

बिटकोच्या पलीकडची बाग. डिसेंबर, सकाळचे सात.
बाकाचा लोखंडी हात धरवत नाही.
कानटोप्या गोल गोल फिरतायत,
आणि स्टेशनातली बाई कुठल्याशा गाडीबद्दल
दिलगिरी व्यक्त करतेय, पुन्हा पुन्हा, न लाजता.

*हत्तीच्या सोंडेकडे पाठ कर.*
हत्ती नाही.
त्याच्या जागी व्यायामाची निळी-पिवळी यंत्रं,
त्यातल्या एकावर साडी आणि बूट घातलेली बाई
हवेत चालतेय, कुठेच न पोचता.
"इथे हत्तीची घसरगुंडी होती ना?"
"होती की," ती न थांबता म्हणाली,
"माझा थोरला पडलाय तिच्यावरून. सोंड तिकडे, नळाकडे."
मी नळाकडे पाठ केली.

*बावीस पावलं.*
कुठली? काठी घेतल्यानंतरची, की आधीची?
मी डोळे मिटून त्यांना चालवून पाहिलं:
पाळी सुटल्यावर प्रेसच्या गेटातून बाहेर येताना,
लांब टांगा, हात अजून थोडे अंगापासून दूर,
नुकतीच झडती दिलेल्या माणसाचे.
रोज झडती. छत्तीस वर्षं.
डबा उघडा, खिसे उलटे, कागदाचा कपटाही नाही.
तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला
की या माणसाला काहीतरी लपवायचं का होतं.

माझी एकतीस झाली.

*तीन भाऊ रांगेत, चौथा रुसलेला.*
तीन अशोक. चौथा भिंतीपाशी, वाकडा, फांद्या रस्त्याकडे.
*रुसलेल्याच्या पाठीमागे हात घाल. घाबरू नको.*
घाबरले. पाल असणार, काच असणार.
वीट हलली, दुधाच्या दातासारखी.

साबणाची डबी, सायकलच्या ट्यूबने बांधलेली.
आत हातभर नाही, बोटभर वही,
आणि खोडरबरावर कोरलेला शिक्का:
चौकोन, चारी कडांना दातरे,
मध्ये काहीच नाही.

ते मधलं लोकांनी भरलेलं.
कोणी कावळा. कोणी नुसती तारीख.
कोणी *लागली एकदाची!*, काय लागली ते लिहिलेलं नाही.
एक अंगठा, इतका लहान की तो
हत्तीवरून पडलेल्या थोरल्याचा असावा असं मला वाटून गेलं.
आणि दर जूनला एकाच हाताने, बॉलपेन दाबून:
*पाणी आले. डबी केबिनमध्ये नेली.*
मग ऑक्टोबरात: *परत ठेवली. वॉचमन भोये.*
नऊ जून. नऊ ऑक्टोबर.
काकांना हे माहीत आहे का, ठाऊक नाही.
मी सांगणार नाही असं ठरवलं, मग सांगायचं ठरवलं,
मग शाईचा पॅड वाळलेला निघाला.

त्यावर श्वास सोडला, चष्म्यावर सोडतात तसा.
फिकट जांभळी कड उमटली, एक कोपरा गेला.
मध्ये काय काढू?
३१ लिहिलं.
लांबून बघितलं तर तिकिटाची किंमत वाटते.

दुपारी काकांना सांगितलं, आहे.
जागच्या जागी आहे.
ते वहीबद्दल काही विचारतील म्हणून मी थांबले.
"आणि हत्ती?" म्हणाले.
"आहे की. सोंड नळाकडे."
त्यांनी मान हलवली,
भोकांची ओळ सरळ पडली की
हलवत असतील, तशी.