आणखी एक नाणं

दांडिया बाजारात माझं गेम पार्लर होतं.
चार खोकी, त्यातलं एक कायमचं आजारी,
रुपयाला एक जीव.
पोरं जिंकायला यायची, दांडकं मोडेस्तोवर पिळायची,
हरली की खोक्याला लाथ.
फणश्यांची यामिनी तेवढी भिंतीला धडकायला यायची.

खरंच. मागून गोळ्या सुटतायत,
आणि ही आपला शिपाई पडद्याच्या उजव्या कडेला
दाबून धरून उभी.
"पागेकाका, इथून पुढे काय आहे?"
काही नाही गं. संपतं तिथे.
"संपतं कसं? मग तो मागचा डोंगर कुणाचा?"
रुपया गेला. पुन्हा रुपया. पुन्हा भिंत.
शेव-उसळीचे पैसे असणार ते.

पैसे संपले की पडद्यावर आकडे उतरायचे,
दहा, नऊ, आठ.
ती हात मागे बांधून बघायची.
एकदा मला राहवलं नाही.
खोक्याचं पोट उघडलं,
नाणं जिथे पडतं तिथली तार किल्लीने उचकली.
टिंग.
आकडा तीनवर थांबला.
पोरीने थँक्यूसुद्धा म्हटलं नाही.
तारेकडे बघत राहिली.

आता तिचे फोटो छापून येतात, केस पिकलेत.
तिच्या खेळात म्हणे बंदूकच नाही.
विश्वामित्री आहे, पायरीवर मगर आहे,
मगर उठून जाईपर्यंत थांबायचं.
"चाळीस-चाळीस मिनिटं थांबतात लोक, मामा," भाचा सांगतो.
पैसे देऊन?
"पैसे देऊन."

मी त्र्याहत्तरचा. पुढचं काही बघणार नाही.
पण दुपारी पडल्या पडल्या पंख्याकडे बघत
मी तिच्या नंतरचं जग मांडतो.
पडदा नावाची वस्तू तेव्हा अडगळीत गेलेली.
सिनेमाला जाणं म्हणजे
कुणाच्या तरी गावात आठवडाभर राहून येणं,
आणि आपण निघून आल्यावर
तिथल्या शेजारणीने आपली ताटली परत करायला दार वाजवणं.
दवाखान्यात अर्धांगाचा माणूस पडल्या जागेवरून
सूरसागरच्या काठाने दिवे लावत जाईल.
बोट हललं की दिवा.
नाही हललं, तर दिवा वाट बघेल.
पुराच्या आधीच पोरांना ठाऊक असेल कुठला ओटा उंच,
कारण खेळात ती तीनदा बुडून आलेली असतील.

यंत्रं मोजणार नाहीत असं नाही.
मोजतीलच, तो त्यांचा धर्म.
पण शून्याच्या जरा अलीकडे, तीनवर म्हणा,
थांबायला शिकतील.
कॉलेजात त्याला नाव असेल, फणसे-विराम,
थोडक्यात टिपा लिहा, पाच गुण.
किल्लीबद्दल कुणी लिहिणार नाही.

किंवा असंही होईल
की एखादी कंपनी तो विरामच विकेल,
टिंग ऐकण्याचे वेगळे पैसे.
यामिनी चिडेल. किंवा नाही चिडणार,
तिलाही महिन्याच्या एक तारखेला पगार वाटायचे असतात.
मी तरी कुठे रोज तार उचकली?
लाईटबिल भरायचं होतं.

गेल्या रविवारी भाच्याने मला तिच्या खेळात बसवलं.
मला काय सुचणार? मी उजवीकडे निघालो.
मगरीला वळसा घालून, नदी सोडून, सरळ उजवीकडे.
कड येईना.
अंगठा दुखायला लागला, बाहेर कुकरच्या शिट्ट्या झाल्या,
डोंगर होता तेवढाच लांब.
मग एक दुकान लागलं.
आत चार खोकी, एक काळोखं.
गल्ल्यावर कुणी नाही.
खिळ्याला किल्ली.

"उचला ना, मामा. सगळे उचलतात."

असू दे, म्हटलं.
माझी माझ्याकडे आहे.